मोराच्या मानेची ओळ

"टिकलीतलं हलवायचं न्हाय."

हे म्हणताना तो डाव्या अंगठ्याचं नख प्रुफावर आडवं ओढायचा. कागदावर वळ उठायचा. पेन त्याच्या खिशात असायचं, पण अशा वेळी नखच. मशीनवाला असो, मालक असो, नाहीतर पुस्तक लिहिणारा मास्तर असो, सगळ्यांना नखच.

आमच्या लक्ष्मीपुरीतल्या प्रेसचा तो कंपोझर. त्याला नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. छपाईचे शिशाचे खिळे जुळवत होता तेव्हापासून कंपोझर, पुढं कॉम्प्युटर आला तरी कंपोझरच. मी तिथला बायंडर. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, शिवायच्या, पुठ्ठा चढवायचा, आणि शेवटी कटिंग मशीनवर तिन्ही बाजू कापून पुस्तक हातात द्यायचं. शिक्षण चौथी. माझ्या हातनं हजारो पुस्तकं गेली, त्यातलं एकही मी पुरतं वाचलेलं नाही. खोटं कशाला सांगू.

आता टिकली म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं कॉम्प्युटर क्लासची पुस्तकं छापायला येतात. मास्तर लोक मजकूर साध्या फाइलीत पाठवतात, नुसती अक्षरं. ठळक करायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी असते. आणि वाक्याच्या मधेच कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम आला, ज्याला ते कोड म्हणतात, तर त्याच्या दोन्ही बाजूंना एक बारकी तिरकी खूण. की-बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात असते. तिला कंपोझर टिकली म्हणायचा, म्हणून आम्हीही टिकलीच म्हणायचो. ती फाइल तो एका प्रोग्रामात घालायचा आणि पुस्तकाचं पान तयार होऊन बाहेर यायचं, समासासकट.

हा प्रोग्राम फार शहाणा. दोन आडव्या रेघा शेजारी दिसल्या की जोडून एक लांब रेघ करायचा. दोन मोकळ्या जागा दिसल्या की एक खाऊन टाकायचा. गोष्टीच्या पुस्तकात ते बरं दिसतं. कोडात एक रेघ कमी झाली की कॉम्प्युटर ऐकत नाही. सुरुवातीला एकदा असं एक अख्खं पुस्तक जोडलेल्या रेघांचं गेलं. पोरं पुस्तकात बघून टाइप करत बसली आणि कुणाचंच चालेना. मास्तर प्रेसमध्ये येऊन असा ओरडला की समोरच्या भडंगवाल्यानं दुकानातनं मान बाहेर काढली. मग मी आणि कंपोझरनं तीन दिवस बसून पानापानावर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. खळ माझी, शिव्या त्याच्या.

तेव्हापासून त्यानं प्रोग्रामात तसं बसवून घेतलं. टिकलीच्या आत प्रोग्रामानं बोट लावायचं नाही. आतलं अक्षरही वेगळं, टाइपरायटरसारखं, सगळी एका रुंदीची. आणि एवढ्यावर त्याचा विश्वास नव्हता. पहिलं पान छापून आलं की ते घेऊन तो मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसायचा. फाइलीत बघायचं नाही, छापलेल्या कागदात बघायचं आणि एका बोटानं टाइप करायचं. चाललं की तिथनंच ओरडायचा, "चाललं रं!"

मी एकदा विचारलं, "तुला ह्यातलं काय कळतंय काय कंपोझर?"

"काय बी न्हाय."

"मग कशाला डोळं फोडतोस?"

"मामा, मला कळत न्हाय म्हणूनच माझ्या हातनं बराबर येतंय. ज्याला कळतंय त्यो सुधारायला जातोय."

मला तो मामा म्हणायचा. वयानं मी दहा-बारा वर्षांनी मोठा. हातकणंगल्याहून रोज ये-जा करायचा. घरची शेती, जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार. घरी पोचेपर्यंत अंधार होतो म्हणून साडेपाचला डबा प्रेसमध्येच उघडायचा. तातडीचं काम असलं, मालक डोक्यावर उभा असला, तरी साडेपाच म्हणजे साडेपाच. डब्यात कांदा नाही, लसूण नाही. मी म्हणायचो, "कांद्याबिगर कसलं जेवाण रं, आजारी माणसासारखं?" तो म्हणायचा, "तुमी एवढा कांदा खाऊन कुठं पैलवान झालासा?" आणि चपातीचा घास करून माझ्यापुढं धरायचा. हे भांडण रोजचं. शब्दसुद्धा तेच. ते झालं नाही तर दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

खरं भांडण एकदाच झालं. कापून तयार झालेलं पुस्तक घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला आणि आपटलं.

"मामा, तुमच्या मशिननं माझी शेपटी खाल्ली."

"कसली शेपटी?"

त्यानं नख ओढलं. टिकलीतली एक लांब ओळ पानाच्या कडेपर्यंत गेली होती आणि कडेलाच संपली होती. शेवटची तीन-चार अक्षरं कापलेल्या पट्टीबरोबर कचऱ्यात गेली होती.

"मग समासाच्या भाईर सोडलीसच कशाला? ढोर हाय काय चरायला सोडायला?"

"मी न्हाय सोडली. आतलं हलवू नको म्हणून प्रोग्रामाला सांगितलंया, तर त्यो ओळ मोडंना बी झालाय."

"तू मोड की मग!"

"कुठं मोडू? भलत्याच जाग्याला मोडली तर पोरगं तिथंच बटण दाबंल. मला काय कळतंय त्यातलं?"

दोन दिवस बोलला नाही. साडेपाचला डबा पाठ फिरवून खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्यानं मास्तरांना फोन केला आणि विचारलं, ओळ बसत नाही, कुठं मोडू ते तुम्ही सांगा. त्यांनी सांगितलं. तेव्हापासून त्याचा नेम झाला. लांब ओळ आपल्या मनानं मोडायची नाही, लिहिणाऱ्याला विचारायचं. आणि कुठलंही पुस्तक असो, पहिला कागद घेऊन तो माझ्या टेबलाशी यायचा, पट्टी लावून शिसपेन्सिलीनं रेघ मारायचा आणि विचारायचा, "हितनं कापणार न्हवं?" मी "व्हय" म्हटल्याशिवाय हलायचा नाही. माझं कापायचं माप कधी बदललेलं नाही. त्याला ते माहीत होतं. तरी विचारायचा.

मागच्या साली माझी बायको गेली. आजाराचं सांगत नाही, कुणाचं कुणाला नवीन नसतं.

ती मण्यांची तोरणं करायची. गल्लीतल्या निम्म्या दारांना तिचीच तोरणं आहेत. पोरींना शिकवायची. शिकवण्यासाठी एक वही केली होती, शिसपेन्सिलीनं लिहिलेली. पांढऱ्या मण्याला शून्य, लाल मण्याला फुली. एक आडवी रेघ म्हणजे एक मणी सोडून सुई घालायची, दोन रेघा म्हणजे दोन सोडून. आणि हे सगळं वाक्याच्या मधेच: "आता ००×--×०० असं घ्यायचं आन सुई माघारी फिरवायची." तिचं शिक्षण माझ्याहून कमी, दुसरी. तरी तिनं ही भाषा स्वतः तयार केली होती. मी कधी उघडून बघितली नव्हती.

ती गेल्यावर बायका वही मागायला लागल्या. झेरॉक्स काढायला गेलो तर कागद कोराच आला. पेन्सिल पुसत चालली होती. वर्षभर हातोहात फिरली असती तर काहीच राहिलं नसतं. मी ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आत छापायची आणि घरटी एक द्यायची. वही कंपोझरच्या टेबलावर ठेवली.

त्यानं चार पानं उलटली. म्हणाला, "मामा, हे कोडच हाय की."

"कसलं कोड? मणी हायत."

"मणी असूद्यात. टिकलीतच घालतो."

मी म्हटलं, टिकली-बिकली काही नको, सगळीकडं एकसारखं सुबक अक्षर घाल, देवाच्या पोथीसारखं दिसू दे. तो ऐकेना. "सुबक करायला गेलो तर दोन रेघांची एक व्हईल. मामीचा मोर लंगडा व्हईल. चालंल तुमास्नी?"

मी वही परत त्याच्याकडं सरकवली.

तिचा एक-एक नमुना त्यानं टिकलीत घालून टाइप केला. वहीत अक्षर दिसेना तिथं कागद उजेडाला आडवा धरून पेन्सिलीचा खड्डा बोटानं चाचपायचा. सगळं बसलं, एक ओळ सोडून. मोराच्या मानेची. ती एवढी लांब की समासाबाहेर चार बोटं जायची. वहीत तिनं ती पान आडवं धरून लिहिली होती.

कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मामा, ही मोडाय पायजे. रेघांच्या मधे मोडली तर दोनाच्या एक-एक वाटतील. मण्यांच्या मधे मोडली तर ओळ संपली म्हणून बाई तिथंच गाठ मारंल. मामी करताना मधी कुठं थांबायची?"

"मला काय ठावं?"

"चाळीस वर्षं शेजारी बसलासा न्हवं?"

"बसलो. पेपर वाचत."

तो कागदाकडं बघत राहिला. लिहिणाऱ्याला विचारायचा त्याचा नेम, आणि लिहिणारी नव्हती.

मी म्हटलं, जाऊ दे, कुठंही मोड, नाहीतर ती ओळच काढून टाक. तेव्हा त्यानं आवाज चढवला. "मोराला मान नको? कसली गोष्ट करतासा मामा!" आणि दुसऱ्या दिवशी येताना हुपरीच्या कुणा नातेवाइकाकडनं बारीक सुई, दोरा आणि दोन पुड्या मणी घेऊन आला. म्हणाला, छापलेलं बघून ओवतो, हात कुठं थांबतोय ते कळंल. रोज साडेपाचला डबा खाऊन झाला, की गाडीची वेळ होईपर्यंत खिडकीशी बसून ओवायचा. वळणं वाकडी यायची, उसवायचा, परत ओवायचा. सगळा प्रेस हसायचा. मशीनवाला म्हणायचा, "कंपोझर, लेकीचं रुखवत काय?" तो म्हणायचा, "मध्ये बोलू नगंस, मोजायलोय."

एका शनिवारी निम्मी मान झाली होती. सुई तशीच अडकवून त्यानं ती कॉम्प्युटरशेजारच्या खिळ्याला टांगली. सोमवारी आला नाही. मंगळवारी त्याच्या भावाचा फोन आला, सोमवारी पहाटे छातीत कळ येऊन गेला म्हणून. आम्ही चौघं हातकणंगल्याला जाऊन आलो. घरच्यांनी चहा दिला. प्रेसचा विषय निघाला तर त्याची बायको म्हणाली, "मामींचा मोर पुरा झाला काय?" मी नाही म्हणालो.

प्रेसमध्ये परत आल्यावर खिळ्यावरची मान उतरवली, छापलेल्या कागदात गुंडाळली आणि घरी नेली.

सुई माझ्या हाताला नवी नाही. चाळीसच्या वर वर्षं पुस्तकं शिवतोय. पण मणी बारीक आणि माझी बोटं जाड. दुपारी सोफ्यावर, ती बसायची त्या जागी बसलो. वही उघडली नाही. कंपोझरनं उघडली नसती. छापलेल्यात बघून एक-एक मणी घेतला. पहिल्यांदा मान लोंबली. उसवली. दुसऱ्यांदाही लोंबली. त्याला शिव्या दिल्या, तिलाही दिल्या. तिसऱ्यांदा लक्ष देऊन बघितलं. दुसऱ्या जोडरेघेनंतर तीन पांढरे मणी आले की दोरा ढिला पडत होता. तिथं थांबून जोरात ओढून घेतल्याशिवाय पुढचा मणी बसतच नव्हता. मी हात लांब करून दोरा ओढला. कोपर बाजूला गेलं आणि शेजारच्या मोकळ्या उशीवर आपटलं.

तेव्हा कळलं.

रोज दुपारी जेवायला घरी आलो की मी त्या उशीच्या जागी पेपर घेऊन बसायचो आणि मधनंच तिचं कोपर पेपरला लागायचं. मी म्हणायचो, "सरक की जरा, किती धक्का मारशील." ती सरकून बसायची. परत थोड्या वेळानं लागायचं. चाळीस वर्षं ती मला दाखवत होती कुठं थांबते ते, आणि मी तिला सरक म्हणत होतो.

त्या तिसऱ्या मण्यानंतर मी छापलेल्या कागदावर नखानं वळ ओढला.

प्रेसमध्ये आता नवीन मुलगी आहे कॉम्प्युटरवर. हुशार आहे. तिनं कागद बघितला आणि म्हणाली, "आजोबा, इथंच का मोडायची? अजून दोन अक्षरं मावतील की ओळीत."

"मावूदेत. टिकलीतलं हलवायचं न्हाय."

तिनं ओळ तिथंच मोडली.

श्राद्धाच्या आठवडाभर आधी पहिला कागद छापून माझ्या टेबलावर आला. मोराची मान दोन ओळींत, दोन्ही समासाच्या आत. ओवलेल्या मानेत पोटाकडची निम्मी कंपोझरची, वाकड्या वळणाची, वरची माझी, ती काही सरळ नाही. पण लोंबत नाही. ती मी परत त्याच्याच खिळ्याला अडकवली आहे.

पट्टी लावून शिसपेन्सिलीनं रेघ मारली. जरा थांबलो. कुणी काही विचारलं नाही.

"व्हय," म्हटलं, आणि कापायला घेतलं.