सरदाराची थोरली बायको

रेवा, ये, अशी जवळ बैस, मनातल्या मनात तरी. तुझा कान धरायचाय. माझी आवडती ऐतिहासिक कादंबरी वाचायला नेलीस आणि समासात पेन्सिलीने लिहून परत पाठवलीस? शाळेत न गेलेली मी, याच पुस्तकावर बोट फिरवत वाचायला शिकले गं!

सरदार दुसरी बायको घेऊन दारात येतो आणि थोरली हसत दोघांना ओवाळते. त्या पानावर तू लिहिलंस, 'हिला कोणी विचारलं?' मी फोनवर तडकलेच. "तेव्हा विचारत नसत. आजची फूटपट्टी त्याला लावू नकोस."

"बरं बाई, नाही लावत. पण आजी, तू त्या पानावर का रडायचीस?"

मी आपली आजवर म्हणायचे, अभिमानाने रडू येतं. काल ते पान पुन्हा काढलं. घोड्याच्या साजाला दहा ओळी, सरदाराच्या मिशांना सहा, आणि थोरलीला दोनच शब्द: 'ती हसली.' सरदार त्याच्या काळाचा, त्याला मी माफ करीन. पण लिहिणारा तर आपल्या काळातला, पंख्याखाली बसून लिहीत असेल. त्यालाही तिच्यापाशी घटकाभर थांबावंसं वाटलं नाही? आणि मी त्या हसण्यावर चाळीस वर्षं विश्वास ठेवला. तुझ्या आजोबांनी माहेरी जायला नाही म्हटलं, की मीही तशीच हसायचे.

फसवलं गं मला त्या लिहिणाऱ्याने. दिवाळीची वाट बघू नकोस, लवकर ये. पुढची पानं मला एकटीने वाचवत नाहीत.