आधीचं पान

ग्रंथालयाच्या तळघरात बसून फाटकी पुस्तकं बांधणाऱ्या बाईंनी एकवीस वर्षांत एकही कादंबरी वाचली नव्हती. काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराची ताकीदच होती: पानाची शेवटची ओळ बघायची, पुढच्याची पहिली बघायची, जुळली की सुई घालायची. मजकुरात शिरलीस की कामाचा बोजवारा. बाईंनी हे इतकं मनावर घेतलं, की नवरा गेल्यावर घरही त्या तसंच चालवू लागल्या. सकाळ उरकायची, संध्याकाळ उरकायची, मधल्यात शिरायचं नाही.

घरात उरले होते सासरे. ऐंशी ओलांडलेले, गुडघ्यांनी कामातून गेलेले, आणि अलीकडे पाणी प्यायचं नाही हे खूळ घेतलेले. दोनदा चक्कर येऊन पडले. डॉक्टर ओरडले. परवा तर त्यांनी ग्लासच भिरकावला. बाईंना राग आला असता तरी बरं होतं, तोही आला नाही. त्यांनी फरशी पुसली आणि नणंदेला फोन लावला.

"वन्सं, माझ्याने नाही होत आता. हट्टाला पेटलेत."

रविवारी नणंद येऊन त्यांना वृद्धाश्रमात नेणार, असं ठरलं. सासऱ्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही.

त्याच आठवड्यात एक कादंबरी पिशवीत भरून तळघरात आली. ओल लागून शिवण सुटलेली, पानांचे कोपरे आकड्यांसकट कुजलेले. ग्रंथपाल म्हणाले, "एकुलती एक प्रत आहे, बाई. शुक्रवारपर्यंत द्या." त्यातून लेखकाला आखूड वाक्यांची भारी हौस. कुठलंही पान कुठल्याही पानाला जुळायचं! शेवटी बाईंनी चष्मा पुसला आणि नाइलाजाने वाचायला घेतलं.

पहिलंच पान हाती आलं त्यात कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी एका मुलीची चिठ्ठी टराटरा फाडून गटारात टाकतो. बाई म्हणाल्या, "मेला नालायक." गुरुवारी दुसरं एक पान सापडलं. त्यात तोच पहारेकरी पाटीसमोर उभा राहून, अक्षरं ओळखीची असल्याचं नाटक करत होता. त्याला वाचता येत नव्हतं, आणि एकदा कुणाला चिठ्ठी वाचून दाखव म्हणाला तेव्हा अख्खं फाटक हसलं होतं. हे पान त्या पानाच्या आधी लागत होतं. बाईंनी दोन्ही पानं क्रमाने लावून पुन्हा वाचली. चहा निवला.

शुक्रवारी पुस्तक हातावेगळं करून त्या घरी आल्या आणि स्टूल ओढून सासऱ्यांच्या खाटेशी बसल्या.

"बाबा, पाणी का नको?"

सासऱ्यांनी कूस बदलली. बाई उठल्या नाहीत.

"चक्कर यायच्या आधी एकदा पडलो ना मी," ते अखेर म्हणाले. "संडासाच्या दारात. कपडे ओले झाले."

"मग?"

"तू उचललंस. म्हणालीस, आता एवढंच बाकी होतं."

बाईंना आठवेना. म्हणाल्या असतील. बशी फुटली तरी त्या हेच म्हणत.

"पाणी प्यालं की जावं लागतं," सासरे भिंतीकडे बघत म्हणाले. "जायचं म्हणजे तुला हाक मारायची. नाही प्यालं की भागतं."

बाईंना लाज वाटली. तेवढीच वाटली, बाकी आत सगळं ढिम्मच होतं. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"वन्सं, रविवारी जेवायलाच या. बाबा कुठे जाणार नाहीत."

"अगं, अचानक काय झालं?"

"काही नाही. त्यांना विचारायचं राहून गेलं होतं."

सासऱ्यांनी बाईंकडे बघत बघत ग्लासभर पाणी संपवलं. तासाभराने बाई कांदा चिरत होत्या तेव्हा आतून हाक आली, परक्या घरात मारावी तशी दबकी.

"सूनबाई..."

त्या धावल्या, पण उशीर झाला होता. सासरे खाटेचा कठडा धरून उभे होते, ओल्या कपड्यांत. खाली बघत नव्हते. सुनेच्या तोंडाकडे बघत होते, आता काय म्हणते म्हणून.

"हाक मारलीत, बरं केलंत," बाई म्हणाल्या, आणि कपाटातून कोरडे कपडे काढू लागल्या.