निल्साला उतरायचंय

हे लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं.

निल्सा माझी मोठी बहीण, एकवीस वर्षांची. तिला सगळं कळतं, पण चार माणसांत तोंडातून शब्दच फुटत नाही. आमच्या याउको गावात तिची खास शाळा या जूनमध्ये संपणार होती. मग काय? घर, खुर्ची, टीव्ही, आणि आई म्हातारी झाल्यावर? मला विचारच करवत नव्हता.

शेवटी शाळा, पुनर्वसन ऑफिस आणि बेकरीवाला एका टेबलाशी बसले. ठरलं: बेकरीत काम, पण सगळ्यांच्या भाड्याच्या व्हॅननं एकटीनं जायचं, स्वतः गाडी थांबवून उतरायचं. संधी तीन. आमच्या व्हॅनला घंटी नसते, ओरडायचं असतं. नाही ओरडलात तर गाडी थेट पुढच्या शहरात, पोन्सेला.

मागच्या सीटवर ब्रुनिल्दाबाई, तिच्या शिक्षिका, आणि मी, फक्त बघायला. "तोंड शिवून बस," मला बजावलेलं.

पहिल्या दिवशी रोजची प्रवासी प्रोवी आजीच ओरडली, "अरे चेओ, थांब की! निल्साला उतरायचंय!" झालं, संधी फुकट.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर चेओकाकानं आपणहून ब्रेक मारला.

"कशाला थांबलात हो?" बाई चिडल्या.

"मग काय पोरीला समुद्रात नेऊन सोडू? एवढीशी होती तेव्हापासून ओळखतो तिला!"

सगळे हसले. बाईंनी कागदावर फुली मारली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना दम दिला. कुणी ओरडायचं नाही. प्रोवी आजीनं तोंडात रुमाल कोंबलेला. पावाचा वास आला. निल्साची मान लालबुंद. बेकरी आली... गेली! मी उठलेच. बाईंनी दंड धरला.

"बाई, पुढे हायवे आहे!"

"खाली बस."

"ती रडतेय!"

"बस म्हणते ना!"

आणि धाड! धाड! धाड! निल्सा दोन्ही तळव्यांनी पत्र्यावर मारत होती.

"अगं, गाडी फोडतेस का माझी!" चेओकाकानं करकचून ब्रेक मारला. ती उतरली आणि मागे बेकरीकडे चालत गेली. एकटी.

आम्ही मागून पोचलो, तर पुनर्वसन ऑफिसातले मिग्देल बेकरीच्या दारात उभे होते. म्हणाले, "पण बोलून थांबवायचं ठरलं होतं."

बेकरीवाला म्हणाला, "साहेब, मला कणीक मळणारी हवीय, ओरडणारी नकोय."

कामाच्या कागदावर सही झाली. पण एकाच महिन्याची. पुढचं कुणीच सांगत नाही. रोज सकाळी ती निघाली की मी फोनपाशीच बसते, ती पोचल्याचं कळेपर्यंत.

तुमच्या ओळखीतही शाळा संपून घरी बसलेलं कुणीतरी असेलच. याच आठवड्यात जा, भेटा. फक्त एक करा, त्यांच्या वाटचं तुम्ही बोलून टाकू नका. थांबा जरा.