कोऱ्या भुवया

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ब्यूटी पार्लरचा क्लास चालतो. तिथल्या मुली थ्रेडिंगचा दोरा आधी स्वतःच्या पोटरीवर चालवून बघतात आणि मग एकमेकींच्या भुवयांवर. त्यामुळे परीक्षा जवळ आली की जिन्यात भेटणारी प्रत्येक मुलगी कशाने तरी चकित झाल्यासारखी दिसते. शिकायला आपला चेहरा दुसरीच्या हाती इतक्या सहज कसा देतात, याचं मला नवल वाटायचं.

मागच्या आठवड्यात त्यातलीच एक, सुवर्णा, दारात आली. "काकू, उद्या परीक्षा आहे आणि आमच्या बॅचमध्ये कुणाच्याच भुवया उरल्या नाहीत. तुम्ही कधी केल्या नाहीत ना?"

पन्नाशी उलटली, पण माझ्या राठ भुवयांकडे इतक्या आशेनं कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसले. "कातडी ताणून धरा," ती म्हणाली आणि तिनं दोऱ्याचं टोक दातात पकडलं. मी डोळे मिटून घेतले.

सुवर्णा पास झाली. माझी डावी भुवई मात्र जरा वर चढली आहे. जिन्यात आता मुली पूर्वीसारखी मला नुसती वाट देऊन बाजूला होत नाहीत. थांबतात, आपल्याच बॅचची असल्यासारख्या हसतात.