विम्याच्या अर्जातला सहावा प्रश्न

लेकीची बारावी संपली आणि घरातल्या पाच जणांनी मिळून कुठेतरी जायचं ठरलं. ठरलं म्हणजे नवऱ्याने जेवताना एकदा विषय काढला, सासूबाईंनी फोनवर मुक्तिनाथाचं नाव घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते माझं काम झालं. मी जळगावच्या एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून आहे. दिवसभर मुलांचे अर्ज तपासते. त्यामुळे फॉर्म, ओटीपी, झेरॉक्स यांची मला आवड आहे असा घरच्यांचा समज झालेला आहे. तो मी कधी खोडून काढला नाही. खोडायलाही ताकद लागते, आणि ती मी संध्याकाळी घरी येईपर्यंत संपवलेली असते.

जळगावहून रेल्वेने मुंबई, तिथून विमानाने काठमांडू, मग पोखरा आणि शेवटी मुक्तिनाथ, असा आठ दिवसांचा बेत. सासू-सासरे धुळ्याच्या पुढे अर्ध्या तासावरच्या गावात धाकट्या दिराकडे राहतात. दोघंही विमानात कधी बसलेले नव्हते. मीही नव्हते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

विमानाची तिकिटं मिळाली आणि मग जागा निवडायचं पान उघडलं. छोटे छोटे चौकोन, काही निळे, काही जांभळे, प्रत्येकाला वेगळे पैसे. फुकटच्या जागा होत्या, पण पाच जण पाच ठिकाणी विखुरले जात होते.

"आबांना खिडकी दे," नवरा सोफ्यावरून म्हणाला. "पहिल्यांदा बसतायत."

मी सासऱ्यांना, म्हणजे आबांना, खिडकी दिली. दुसरी खिडकी लेकीने आधीच मागून ठेवली होती. नवऱ्याचे गुडघे दुखतात, त्याला पाय पसरायला कडेची जागा. सासूबाई आबांच्या शेजारी. मी नवऱ्याच्या आणि लेकीच्या मधे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन वाजला. आबांचा होता. मी दचकलेच, कारण बावीस वर्षांत आबांनी मला स्वतःहून फोन केल्याचं आठवत नाही. काही सांगायचं असलं की ते सासूबाईंच्या हाती फोन देतात. आधी त्यांनी पाऊसपाणी विचारलं, उन्हाळ्यात. मग लेकीचा पेपर कसा गेला ते विचारलं, जे त्यांना माहीत होतं. मग म्हणाले, "बेटा, माले खिडकी नको. रस्ताकडेनी जागा दे."

"का हो आबा? खिडकीतून ढग दिसतील."

मागे बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती, म्हणजे फोन करायला ते घराबाहेर गोठ्यापाशी गेले होते. "सारखं उठनं पडस," ते शेवटी म्हणाले.

तेव्हा मला कळलं. दिवाळीत आमच्याकडे आले होते तेव्हा बाथरूमच्या दाराची कडी दर तासाला वाजायची. मी समजले होते की म्हातारपणी झोप लागत नसेल. "देते, आबा. काही काळजी करू नका," मी म्हटलं. "आणि डॉक्टरांना दाखवलं का?" त्यांनी फोन ठेवला होता.

संध्याकाळी मी पुन्हा ते चौकोन उघडून बसले. आबांना कडेला आणलं तर सासूबाई खिडकीला जात होत्या, आणि त्यांना खाली बघितलं की गरगरतं हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. मग त्या मधे, खिडकीला लेक, आणि पलीकडच्या रांगेत कडेला नवरा, त्याच्या शेजारी मधे मी. माझ्या पलीकडची खिडकी कुणा अनोळखी माणसाला. लेक माझ्या खांद्यावरून बघत होती. "आई, तू दर वेळी मधेच का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "जेवण गरम कर."

मग विमा. सहल परदेशातली, वय सत्तरीच्या आसपास, वर उंचावरचं ठिकाण. तेव्हा विमा काढायचाच असं मी ठरवलं होतं. नवऱ्याच्या ओळखीचे एक एजंट अर्ज घेऊन घरी आले. त्यांनी चहा घेतला आणि मला समजावून सांगितलं, "ताई, सहावा प्रश्न आहे ना, पूर्वीपासूनचा काही आजार? तिथे सगळ्यांच्या नावापुढे 'नाही'वर खूण करा. नाहीतर कंपनी हजार शंका काढते."

"आणि तिथे काही झालं तर?"

"देवाच्या दारी चाललात, काय होणार?" ते हसले. नवराही हसला. मला हसू आलं नाही. चुकीची माहिती भरलेले अर्ज परत पाठवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. मी म्हटलं, "मी विचारून भरते."

फोनवर सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ब्लडप्रेशरनी गोयी शे. दुसरं काही नही." एवढं म्हणून त्यांनी लगेच लोणच्याच्या कैऱ्यांचा विषय काढला. त्या विषय इतक्या पटकन बदलत नाहीत. पण मी लक्ष दिलं नाही, खरं सांगायचं तर त्या दिवशी लक्ष द्यायचं त्राणच नव्हतं.

नेपाळला पासपोर्टऐवजी मतदार ओळखपत्र चालतं, म्हणून पुढच्या रविवारी दोघांची ओळखपत्रं आणायला मी एकटीच गेले. नवऱ्याला कंपनीत शिफ्ट होती. एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळे, तिथून वडापची जीप. उतरले तेव्हा डोकं तापून गेलं होतं. जाऊबाई माहेरी गेलेल्या, आबा आणि दीर शेतावर. सासूबाईंनी मला ताक दिलं, मी ते उभ्यानेच प्यायले. त्यांनी ओळखपत्रं काढून दिली. मी पिशवीतून अर्ज काढला, आणि पुन्हा विचारावं म्हणून नाही, केवळ सवयीने, एकेक ओळ वाचत गेले. नाव. वय. सहाव्या प्रश्नापाशी आले आणि म्हणाले, "ब्लडप्रेशर लिहिते हं, आई. आणखी काही?"

त्या उठल्या. ओट्याच्या वर डब्यांची रांग आहे, तिच्या मागे हात घालून त्यांनी कापडाच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत धुळ्याच्या एका दवाखान्याचे कागद होते. मला इंग्रजीतलं सगळं कळलं नाही, पण हृदयाच्या तपासणीचा कागद आहे हे कळलं आणि डॉक्टरांनी खाली पेनाने दोनदा रेघ ओढलेली दिसली. तारीख सहा महिन्यांपूर्वीची.

"एक झडप आवळेल शे म्हणे," त्या म्हणाल्या. तीनदा चक्कर आली होती. तिसऱ्या वेळी शेजारच्या काकूंनी बघितलं आणि बाजाराच्या दिवशी त्यांना धुळ्याला नेलं. मोठ्या डॉक्टरकडे जा असं तिथे सांगितलं होतं.

"आई, सहा महिने! आणि कुणाला सांगितलं नाही?"

"आधी कापूस व्हता. मंग पोरीनी परीक्षा." त्या पदराने ओटा पुसायला लागल्या, जो स्वच्छच होता. "आते सांगं तर बठ्ठासनं जानं रद्द व्हई."

"सगळ्यांचं जाणं रद्द होईल म्हणून लपवलंत, मग मला का सांगितलं?"

"तू विचारं म्हनीसन," त्या म्हणाल्या. "पन लिखू नको."

परतीच्या एसटीत ती पिशवी माझ्या पर्समधे होती. बाहेर ऊन, केळीच्या बागा, पाइपाचे ढीग घेऊन जाणारे ट्रक. मला खूप राग आला होता आणि तो नेमका कुणावर ते ठरवता येत नव्हतं. त्यांच्यावर, की त्यांनी मला एकटीला यात ओढलं. नवऱ्यावर, की तो आज शिफ्टवर होता. आणि मनात खोल कुठेतरी एक फार वाईट विचार येऊन गेला तो इथे लिहूनच टाकते: आता पुन्हा सगळी तिकिटं बदलायची. त्यांच्या झडपेआधी मला तिकिटं आठवली. माणूस किती थकला की असा होतो, मला माहीत नाही.

दोन दिवस मी गप्प राहिले. मंगळवारी एजंटांचा फोन आला, "ताई, अर्ज?" आणि मी समोर बसलेल्या नवऱ्याला पिशवी दिली.

त्याने कागद वाचले. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"रविवारपासून."

"आणि आज सांगतेस?"

"त्यांना सहा महिन्यांपासून माहीत आहे," मी म्हटलं. "त्यांनाही विचारा."

मग त्याने आईला फोन लावला, आणि तिने उचलल्यावर तो माझ्यापुढे धरला. शेवटी फोन मीच घेतला.

जळगावच्या हृदयरोगाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. झडप बदलावी लागणार होती, नाशिकला, दीड-दोन महिन्यांत. आजच्या आज नाही, पण टाळायचं नाही. नवऱ्याने मुक्तिनाथाचं विचारलं तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिथे हवा विरळ. यांनी तो विचारही करू नये."

मी अर्जात खरं ते लिहिलं होतं, आणि कंपनीचं उत्तर आलं होतं की या आजारापायी काही झालं तर त्याचा खर्च त्यांच्याकडे नाही. एजंट माझ्यावर नाराज झाले. आता त्याने काही फरक पडत नव्हता.

आम्ही सगळंच रद्द करणार होतो. पण तपासण्यांसाठी आमच्याकडे मुक्काम करून असलेल्या सासूबाई अडून बसल्या. आबा त्यांना सोडून जाणार नव्हते, मुलाने आईजवळ राहावं हेही सासूबाईंना मान्य होतं. "पन तुम्ही मायलेकी जा," त्या मला म्हणाल्या. "मी काय लगेच मरस का? पोरनी दोन साल अभ्यास करा, तिले फिरू दे."

"लोक काय म्हणतील, आई?"

"लोके ते म्हनतीनच."

आणि म्हणालेच. नात्यातल्या एका बाईने लेकीच्या समोर मला विचारलं, "सासूचं असं असताना तुमचे पाय विमानाकडे वळतात तरी कसे?" लेक बोलली, आणि ती काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तिला रागावले, पण फार नाही.

आम्ही दोघी गेलो. मुक्तिनाथ सोडून दिलं, काठमांडू आणि पोखरा, पाच दिवस. दोघींचा नवा विमा काढला. सहाव्या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं आणि लिहिताना क्षणभर थांबले, कारण माझीही तपासणी कधी झालेली नव्हती. विमानात लेकीला खिडकी मिळाली, मी कडेला. मधली जागा रिकामी होती. दार बंद होईपर्यंत कुणी येतंय का ते मी बघत होते. कुणी आलं नाही. मी खुर्चीचा मधला हात वर केला, पर्स शेजारी ठेवली आणि विमान हललं तेव्हा झोपलेले होते. लेकीने डोंगर दिसले तेव्हा उठवलं म्हणे. मला आठवत नाही.

पोखऱ्यातही मी झोपले. सकाळी लेक तळ्यावर जायची, मी खोलीत. दुपारी जेवून पुन्हा झोप. कुणी हाक मारत नव्हतं, कुठला कागद भरायचा नव्हता, नवऱ्याचा फोन संध्याकाळी एकदा, "आई बरी आहे, तू फिर." तिसऱ्या दिवशी मी घाबरले की हा काही आजार तर नाही. चौथ्या दिवशी जाग आली तेव्हा उजाडत होतं आणि मला भूक लागली होती, खरी भूक, कितीतरी महिन्यांनी. आम्ही दोघी खाली जाऊन पोटभर जेवलो. लेक म्हणाली, "आता कुठे तुझा चेहरा तुझ्यासारखा दिसतोय."

परत आल्यावर दोन आठवड्यांत नाशिकला ऑपरेशन झालं. सहा तास चाललं. दहाव्या दिवशी सासूबाईंना जळगावला आमच्या घरी आणलं, पुढचे दोन महिने त्या आमच्याकडेच होत्या. माझी उरलेली सगळी रजा त्यात गेली. आबांनाही त्याच काळात डॉक्टरांकडे नेलं. ते आधी लाजले, मग गोळ्या सुरू झाल्यावर मला म्हणाले की आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एका दुपारी सासूबाईंच्या पाठीशी उशा लावून मी त्यांना भाताची पेज देत होते. मुंबईपासून पोखऱ्यापर्यंतचं सगळं लेकीने त्यांना आधीच फोटोंसकट दाखवलं होतं. त्यांनी तरी मला विचारलं, "तू काय काय देखं तठे?"

खोटं सांगायचं माझ्या मनात आलं. तळं, देवळं, बर्फाचे डोंगर, सगळं फोटोत होतं, मला वर्णन करता आलं असतं.

"काही नाही, आई," मी म्हटलं. "मी झोपले. जवळजवळ पाचही दिवस झोपूनच होते."

त्यांनी पेजेचा चमचा तोंडात घेतला, हळूहळू गिळला. "बरं करं तू, बेटा," त्या म्हणाल्या, आणि पेजेत मीठ कमी आहे असं सांगितलं. मी मीठ आणायला उठले.