अलार्म कोण बंद करतं?

तिला सगळे फौजदारीण म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर सिस्टर. हे तिला ठाऊक होतं, कोण कोण म्हणतं तेही ठाऊक होतं, आणि पहिल्यांदा कुणी म्हटलं याचा तपास अजून चालू होता.

लहानपणी आई औषध गोड आहे म्हणाली, की ती आधी आईलाच चमचाभर प्यायला लावायची. लग्नाला होकार देण्याआधी ती नवऱ्याच्या बेकरीत गिऱ्हाईक बनून जाऊन आली होती, माणूस वजनात मारतो का ते बघायला. तो मारत नव्हता, उलट एक पाव जास्तच टाकला. तर तिला त्याचाच संशय आला. पण हाच स्वभाव नोकरीत कामी आला. नवी असताना तिने सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या बाटल्या एकाच खणात पाहिल्या, हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं आणि म्हणाली, “मला हे बरोबर वाटत नाही.” बरोबर नव्हतंच. एक माणूस वाचला. तेव्हापासून तिच्या संशयाला पगार मिळू लागला म्हणायला हरकत नाही.

मग साथ आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख आले. आत कोण आहे ते कळावं म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायची पद्धत पडली. समोरून सगळे सारखेच, नुसते डोळे. संशयी माणसाला याहून वाईट दिवस कुठले? लेकीला आत्याकडे पाठवलं होतं. नवरा जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून दोन पावलं मागे सरकायचा, आणि ती आतून विचारायची, “खोकलास का?” तो म्हणायचा, “हसलो.” ती म्हणायची, “हसण्यासारखं काय झालं?”

ताट बहुतेक वेळा तसंच परत जायचं. झोप तर कधीच गेली होती. डोळे मिटले की बंद पिशवीतून नेलेली माणसं एकामागून एक दिसायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. रुग्णालयाने स्टाफचं मन मोकळं करायला एक बाई नेमल्या होत्या. त्यांनी आपुलकीने विचारलं, “झोप लागते ना?” ती म्हणाली, “छान लागते.” जो नाही म्हणेल त्याला वॉर्डातून काढणार, हा डाव तिने दारातच ओळखला होता. काढलं तर ती करणार काय? घरी बसून त्या पिशव्याच बघणार. इथे निदान हाताला काम होतं.

तर अशा दिवसांत वॉर्डातले अलार्म गप्प होऊ लागले.

प्रत्येक खाटेशी एक यंत्र असतं. रक्तातला ऑक्सिजन उतरला की ते बोंबलतं. त्यावर एक बटण असतं, दाबलं की ते थोडा वेळ गप्प बसतं. नियम साधा आहे: आधी पेशंट बघायचा, मास्क बघायचा, बोटाला लावलेला चिमटा बघायचा, आणि मगच बटण. एका सकाळी ती खिडकीजवळच्या आजोबांकडे वळली, तर त्यांचा मास्क घसरलेला, ओठ काळेनिळे, पडद्यावर लाल आकडा, आणि यंत्र मुकं. कुणीतरी पेशंटकडे न बघताच बटण दाबलं होतं. तिने मास्क बसवला, आजोबांच्या तोंडावर रंग परत येईपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि मनाशी म्हणाली, पाणी कुठेतरी मुरतंय.

आठवडाभरात हे पुन्हा घडलं. मग आणखी एकदा.

संशयित शोधायला फार लांब जावं लागलं नाही. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातून एक ब्रदर नवीन आला होता. पुरुष नर्स, वयाने तिच्याहून लहान, बोलायला कंजूष. ती ज्या खाटेपासून निघे, त्या खाटेशी तो जाई. तिने बसवलेला मास्क पुन्हा चाचपून बघे. यंत्राशी काहीतरी करे. ती वळली की नजर चुकवे. ज्याच्या मनात काही नाही तो नजर कशाला चुकवेल? तिने डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पाळत ठेवली. अडचण एवढीच होती, की तोही तिच्यावर पाळत ठेवून असल्यासारखा वाटे.

शेवटी तिने साक्षीदार गाठला. खिडकीजवळचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांची नजर बारीक होती, पण मास्कमुळे बोलणं बंद. ती त्यांच्या कानाशी वाकली.

“आजोबा, तुमच्या यंत्राचा आवाज कोण बंद करतं? नुसतं बोटाने दाखवा.”

आजोबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग हात उचलला आणि बोट सरळ तिच्या छातीकडे केलं. तिने झटकन मागे वळून पाहिलं. मागे ब्रदर उभा होता.

“कळलं,” ती म्हणाली. आजोबांनी मान हलवायला सुरुवात केली होती, पण ती तोवर चालू लागली होती.

नर्सांच्या मुख्य मेट्रनबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. “हे साधं प्रकरण नाही. खरं निघालं तर त्याची नोकरी जाईल. तुझी खात्री आहे?”

“साक्षीदार आहे, मॅडम.”

“ड्युटी संपली की दोघं या.”

ती वॉर्डात परतली तेव्हा तिला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ब्रदर एका पेशंटला कुशीवर वळवत होता, अगदी सांभाळून. असं सांभाळून वळवणारा माणूस असं का करेल? पण मग तिने स्वतःलाच दटावलं. चांगलं वागणाऱ्यांपासूनच जास्त जपून राहायचं असतं.

ड्युटी संपत आली होती. एका पेशंटच्या मुलीचा फोन आला. ती रोज करायची. फौजदारीण दाराजवळच्या खाटेशी उभं राहून तिला सांगत होती, “हो, बाबा जेवले. अर्धी वाटी का होईना, जेवले. रडू नकोस, बाळ.” आणि तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं.

तिने वळून बघितलं. ब्रदर होता. रंगेहाथ सापडला असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिची नजर स्वतःच्या हातावर गेली. तिचं बोट बटणावर होतं. यंत्र कधी वाजलं, हात कधी गेला, तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. खाटेवरच्या बाईचा मास्क हनुवटीवर आला होता.

ब्रदरने तिचं मनगट सोडलं, मास्क वर घेतला, पट्टा ओढला. ती फोनवर “नंतर बोलते” म्हणाली.

“आत्ता पहिल्यांदा झालं हे,” ती म्हणाली.

“नाही, सिस्टर.”

“कधीपासून?”

“मी आलो तेव्हापासून बघतोय. तुम्ही पुढे गेलात की मी बघून घेतो. एकदोनदा मला पोचायला उशीर झाला.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही माझ्यावरच संशय घेतला असतात.” तो पट्ट्याशीच बोलत होता. “आणि तुम्हाला इथून काढलं असतं. दिवसभर तेच वाजत असतं, सिस्टर. कान ऐकेनासा होतो, हात मात्र आपोआप जातो. जुन्या वॉर्डात माझाही जायचा. माझ्या मागे कुणी नव्हतं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जगातल्या प्रत्येक माणसावर तिने संशय घेतला होता. एक जण तेवढा राहून गेला होता. तिला आपल्याच हातांची इतकी भीती वाटली, की तिने ते दोन्ही पोशाखाशी घट्ट दाबून ठेवले.

पोशाख उतरवून, अंघोळ करून दोघं मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. ती तोंड उघडणार तोच ब्रदर म्हणाला, “मॅडम, ते मीच करत होतो. माझं चुकलं.”

मेट्रनबाईंनी पेन उचललं. फौजदारीण त्याच्याकडे बघत राहिली. त्याने नजर चुकवली नव्हती. पण कान लाल झाले होते.

“खोटं बोलतोय,” ती म्हणाली.

“सकाळी तूच म्हणालीस ना?”

“सकाळी मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते. तो माझ्यामागून सगळं सावरत होता. आजोबांनी माझ्याचकडे बोट केलं होतं, मॅडम. मीच मागे वळून बघितलं.” तिने उजवा हात टेबलावर ठेवला. “हा हात माझं ऐकत नाही. मला झोप लागत नाही. मन मोकळं करायला नेमलेल्या त्या बाईंना मी खोटं सांगितलं.”

तो हात तिला आता लपवायचा नव्हता. मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या इमारतीत हातमोज्याशिवाय कुणी कुणाला हात लावून महिने लोटले होते. ऊब लागली तशी ती दचकलीच.

“उद्यापासून तू रजेवर,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आणि त्या बाईंकडे रोज जायचं. या वेळी खरं सांगायचं.”

“रजा की शिक्षा?”

“घ्यायचा असेल तर संशय घे. पण घरी झोपून घे.”

ती हसायला गेली आणि रडू लागली. मेट्रनबाईंनी हात सोडला नाही. ब्रदरने कोपऱ्यातली खुर्ची ओढून तिच्यामागे ठेवली, आणि मागे न बघता ती बसली.