साडूंच्या हातातली विणायची सुई

जगातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात कुठेतरी पोकळी दडलेली आहे आणि ती हुडकून काढायलाच आपला जन्म झाला आहे, याबद्दल माझ्या साडूंच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंदवडीकडच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं तयार माल तपासायला होते. ते निवृत्त झाले, बोटं झाली नाहीत. कामशेतच्या बाजारातली नारळवाली मावशी त्यांना लांबून पाहिलं की टोपलीवर पोतं टाकते. आमचं नवं घर बघायला आले, तर चहाआधी चारही भिंती ठोकून झाल्या. "प्लास्टर सुटलंय," एवढाच आशीर्वाद देऊन गेले. चांगल्याला चांगलं म्हणणं त्यांना मंजूर नाही. "चांगलं असायलाच पाहिजे. त्यात सांगायचं काय?" बायकोच्या स्वयंपाकालाही हाच नियम.

ती बायको म्हणजे माझी मेहुणी कुंदा. ती घरी मेणबत्त्या करते. मागच्या बुद्धपौर्णिमेला तिने विहारात दिलेली मोठी मेणबत्ती ऐन वंदनेत खचली आणि वात आतल्या खड्ड्यात बुडून विझली. गार होताना मेण आकसतं, वरून गुळगुळीत दिसतं आणि वातीजवळ हवा राहते, त्याचा हा प्रताप. कुंदा मान खाली घालून बसली, आणि आमचे साडू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रिजेक्ट." कोडगेपणाला काही सीमा?

यंदा विहाराने पुन्हा तिलाच पन्नास मेणबत्त्या सांगितल्या. परत शोभा झाली तर मेणाला हात लावायची नाही, असं तिने माझ्या बायकोला सांगून टाकलं होतं. म्हणून या खेपेला मेण अर्धवट गोठलं की वातीभोवती विणायच्या सुईने भोकं पाडून तिने वरून पुन्हा गरम मेण ओतलं होतं. पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ती बाजारात गेली आणि साडूंनी तपासणी काढली. एक मेणबत्ती मधोमध चिरली. भरीव. दुसरी चिरली. तीही भरीव. दोष सापडेना तसा माणूस इरेला पेटला. कुंदा परतली तेव्हा एक्केचाळीस चिरून झाल्या होत्या.

"नऊ बघायच्या राहिल्यात," साडू म्हणाले.

कुंदाने हातातली पिशवी खाली ठेवली. तिने सगळे तुकडे पातेल्यात लोटले आणि सुई त्यांच्या हातात दिली. "आता तुमीच करा. उद्या एक जरी इझली, तर मी हितं ऱ्हात न्हाई."

दिवसभर साडू मेण ओतत, भोकं पाडत आणि पुन्हा ओतत बसले. बोटं पोळली, तरी थांबले नाहीत. मला मात्र फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी विहारात साडूंचे हात जोडलेले होते, पण नजर वातींवर. वंदना संपली तरी पन्नासही तेवत होत्या. मग ते कुंदाजवळ गेले आणि खाली बघत म्हणाले, "तुझ्या नऊ पास. माझ्यातल्या दोन वाती वाकड्यात."

इतक्या वर्षांच्या संसारात तिला मिळालेली ही पहिली शाबासकी. तिने पदराने डोळे पुसले. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने मेणबत्त्यांकडे बघू लागलो.